गाडीतला पारा खरा किती? सोलापूरच्या उन्हात बाहेरचं तापमान तपासायची रीत

एप्रिल लागला की सोलापुरात डॅशबोर्डचे फोटो फिरायला लागतात. विजापूर रोडवरून कुणीतरी ४६ टाकतो, होटगी रोडवाला ४७ टाकतो, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून एखादा ‘काय बे, इकडं ४९ झालंय’ म्हणून सगळ्यांवर कडी करतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मात्र कमाल तापमान ४२ च्या आसपास. मग चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. सरकार आकडा दाबतंय म्हणणारे एकीकडं, गाडीचं मीटर भंगार आहे म्हणणारे दुसरीकडं.

मी आलटून पालटून दोन्ही तटांत होतो. मग हट्टाला पेटलो. बंपरमागं टॉर्च घालून बघितलं, पहाटे उठून थर्मामीटर टांगले, आणि एकदा तर या आकड्यापायी एसीच्या दुरुस्तीत पैसेही घालवले. ते पुढं सांगतो. एवढं करून एक गोष्ट पटली. सेन्सर बहुतेक वेळा बरोबर असतो. तो ज्या हवेत बसलाय, त्या हवेचं तापमान तो इमानदारीनं सांगतो, आपल्याला तापमान हवं असतं दुसऱ्याच हवेचं. म्हणून तपासताना दोन प्रश्न सुटे ठेवायचे. सेन्सर ठीक आहे का, हा एक. त्याच्यापर्यंत पोचणारी हवा ठीक आहे का, हा दुसरा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं लावल्यात, शक्यतो मधली गाळू नका.

सेन्सर शोधा

बहुतेक गाड्यांत तो पुढच्या बंपरमागं, एसीच्या कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या पुढं, जाळीच्या खालच्या अंगाला असतो. मोठ्या शेंगेएवढा काळा प्लॅस्टिकचा तुकडा, पुढं बोंडासारखं टोक, मागं दोन वायरींचं सॉकेट. काही गाड्यांत तो बाहेरच्या आरशात बसवलेला असतो. आरशाच्या बुडाशी बारीक भोकं किंवा बाहेर डोकावणारं टोक दिसलं तर समजा तोच. बॉनेट उघडून वरून टॉर्च मारा, नाही दिसला तर खाली बसून जाळीतून बघा.

त्याच्या पोटात थर्मिस्टर असतो. ऊब वाढली की त्याचा विद्युत रोध कमी होतो, थंडी वाढली की रोध वाढतो. नेहमी सापडणाऱ्या एका प्रकारात २५ अंशांना रोध १० हजार ओम असतो, शून्य अंशांना ३२-३३ हजार, आणि ४० अंशांना सव्वापाच हजारांच्या आसपास. गाडीचा कॉम्प्युटर रोध मोजतो आणि त्यावरून अंश काढतो. धड असलेल्या थर्मिस्टरची चूक साधारण एखाद-दीड अंशाची. त्यामुळं पेपर आणि गाडी यांच्यात सहा-सात अंशांचा फरक दिसला, तर तो एकट्या थर्मिस्टरच्या गळ्यात मारता येत नाही. डिस्प्लेवर ४१.५ असं अर्ध्या अंशापर्यंत दिसतं म्हणून मोजणीही तेवढी बारीक आहे असं समजू नका. घड्याळात सेकंद काटा असला म्हणून वेळ बरोबर असतेच असं कुठं आहे?

सेन्सर सापडला की त्याच्या आजूबाजूला नीट बघा. निम्म्या तक्रारींचं उत्तर इथंच मिळतं. बाहेरून लावलेली बारीक जाळी, खाली सरकवलेली नंबर प्लेट, जादाचे फॉग लॅम्प, बुल बार (तसा तो कायद्यात बसतही नाही) यांनी समोरून येणारी हवा अडते. बंपरचं काम झालेलं असेल तर जास्तच बारकाईनं बघा. बंपर काढताना सेन्सरची क्लिप तुटते, मिस्त्री घाईत असतो, आणि सेन्सर नुसता वायरीवर लोंबकळत कंडेन्सरला टेकतो. एसी चालू असताना कंडेन्सर चांगला चटका देण्याइतका तापतो. असा टेकलेला सेन्सर मग ५० दाखवतो, त्याचा काय दोष? झिप टाय घेऊन त्याला मूळ जागी, धातूपासून सुटा राहील असा बांधला की काम झालं.

एक सावधगिरी. याच भागात एअरबॅगचे धडक ओळखणारे सेन्सरही असतात. पिवळं सॉकेट किंवा पिवळं आवरण असलेल्या वायरींना हात लावायचा नाही.

पेपरातला आकडा येतो कुठून

तुलना कशाशी करतोय हे आधी माहीत हवं. हवामान खात्याचं तापमान पांढऱ्या रंगाच्या, चहूबाजूंनी झडपा असलेल्या पेटीतून येतं. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. ती मोकळ्या जमिनीवर, इमारतींपासून दूर, साधारण सव्वा मीटर उंचीवर असते, आणि उघडताना ऊन आत शिरू नये म्हणून तिचं दार उत्तरेला ठेवतात. म्हणजे सावलीतली, वाहती, छातीच्या उंचीवरची हवा.

आता तुमच्या गाडीचा सेन्सर बघा. डांबरापासून हात-दीड हात वर, पाठीमागं तापलेलं इंजिन, समोर ट्रकचा धूर. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य अगदी डोक्यावर येतो, सव्वाबारा-साडेबाराच्या सुमारास माणसाची सावली पायाखाली जाते. त्या उन्हात काळं डांबर सहज साठ अंशांच्या वर तापतं आणि त्याला लागून असलेल्या हवेला भाजत राहतं. त्यामुळं बंपरजवळची हवा छातीजवळच्या हवेपेक्षा खरोखरच गरम असते. दुपारी गाडीनं पेटीपेक्षा दोन-तीन अंश जास्त दाखवले तर दोघंही खरं बोलतायत.

शिवाय पेपरातला आकडा एका जागेचा आणि दिवसातला सगळ्यात वरचा असतो. सूर्य साडेबाराला डोक्यावर असला तरी हवा तापायला वेळ घेते आणि पारा तीनच्या सुमारास टोक गाठतो. तुम्ही अकरा वाजता नवी पेठेत काढलेला फोटो त्याच्याशी ताडून काय उपयोग? मोबाइलवरचा आकडाही मोबाइल मोजत नाही, तो नेटवरून तुमच्या परिसराचा अंदाज आणतो. आणि ‘फील्स लाइक’ तर सोडूनच द्या. त्यात हवेतला दमटपणा धरलेला असतो. डॅशबोर्डवरच्या बाहेरच्या तापमानात दमटपणाचा काही हिशोब नसतो.

कोणता आकडा धरायचाच नाही

फोटो टाकणाऱ्यांची गफलत इथं होते. डॅशबोर्डवरचा आकडा म्हणजे सेन्सरनं त्या क्षणी मोजलेला आकडा, असं आपण धरून चालतो. बऱ्याच गाड्यांत तसं नसतं. गाडी उभी राहिली की इंजिनची ऊब पुढं पसरते आणि सेन्सर तापतो. तो कच्चा आकडा तसाच दाखवला तर प्रत्येक सिग्नलला बाहेर ५५ अंश दिसतील. म्हणून कंपन्या मध्ये एक चाळणी बसवतात. वेग कमी असेल, साधारण ताशी २५-३० किलोमीटरच्या खाली, तर आकडा वर जाऊ द्यायचा नाही. वेग असेल तरी हळूहळूच वर न्यायचा. खाली येणारा आकडा मात्र चटकन मान्य करायचा. आणि गाडी बंद करून थोड्या वेळात परत चालू केली, तर आधीचा साठवलेला आकडाच दाखवायचा. हे नियम प्रत्येक कंपनीचे थोडे वेगळे, पण सूत्र हेच.

यातून दोन तऱ्हेच्या चुका निघतात. पहिली सगळ्यांना माहीत आहे. पार्क चौकात भर उन्हात गाडी तीन-चार तास लावली. एवढ्या वेळानं कॉम्प्युटर जुना आकडा टाकून देतो आणि उन्हानं भाजलेल्या बंपरमागचा नवा आकडा उचलतो. चावी फिरवली की ४८! हा फोटो ग्रुपवर जातो. वीस मिनिटांनी हायवेला लागल्यावर तोच आकडा ४२ वर उतरलेला असतो, त्याचा फोटो कुणी काढत नाही.

दुसरी चूक उलट्या बाजूची, आणि ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. सकाळी सातला हिप्परग्याच्या तलावाकडून निघालात, बाहेर २७. गावात शिरलात, शाळेच्या बसगाड्या, रिक्षा, सिग्नल, सगळं वीस-पंचवीसच्या वेगानं. दोन-तीन तास असं थांबत-थांबत गावातच हिंडत राहिलात तर हवा ३३ पर्यंत तापलेली असते आणि गाडी अजून २९ वरच अडकलेली, कारण चाळणी तिला वर चढू देत नाही. गाडी नेहमी जास्तच दाखवते हा समज म्हणून खरा नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्याची गाडी कमीही दाखवते.

तेव्हा नियम सोपा ठेवा. न थांबता, पन्नासच्या वरच्या वेगानं, पंधरा मिनिटं गाडी चालल्यावर जो आकडा स्थिर होतो तोच धरायचा. बाकीचे आकडे करमणुकीसाठी. (आकडा १०४ किंवा १०८ दिसत असेल तर घाबरू नका, डिस्प्ले फॅरनहाइटवर गेलाय. १०४ म्हणजे ४० अंश सेल्सिअस. सेटिंगमध्ये जाऊन बदला.)

ताडून बघायला थर्मामीटर, आणि आधी त्याचीच परीक्षा

लांब वायरीच्या टोकाला धातूचा प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. लांबून रोखायची इन्फ्रारेड बंदूक या कामाची नाही. ती समोरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते, हवेचं सांगत नाही. मात्र डांबर किती तापलंय ते बघायची हौस असेल तर तीच बंदूक हाताशी हवी.

स्वस्त थर्मामीटरवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. त्याची परीक्षा दोन टोकांना घ्या. बर्फ बारीक कुटून ग्लासभर भरा, बर्फ बुडेल इतकं गार पाणी घाला, ढवळा, आणि प्रोब मधोमध धरा. काचेला टेकू देऊ नका. चार-पाच मिनिटांनी शून्य दिसायला हवं. एक अंश इकडंतिकडं चालेल, फक्त किती ते थर्मामीटरच्या पाठीवर पेननं लिहून ठेवा.

दुसरं टोक म्हणून उकळतं पाणी वापरू नका. एक तर स्वस्त प्रोब तिथं बिघडतात, आणि सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर वर असल्यानं इथं पाणी शंभरला उकळतच नाही, साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. त्यापेक्षा घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर काढा. तो ३५ ते ४२ अंशांमध्ये फार चोख असतो, आणि योगायोग असा की आपल्या उन्हाळ्याची हवाही नेमकी याच पट्ट्यात असते. वाटीत ४० अंशांच्या आसपासचं कोमट पाणी घ्या, दोघांची टोकं शेजारी-शेजारी बुडवा, ढवळत राहा, आकडे ताडा. आपला थर्मामीटर किती खरा आहे हे इतक्या कमी खर्चात दुसरीकडं कुठं कळणार नाही. काचेचा जुना तापाचा थर्मामीटर मात्र यात घालू नका. पाणी ४२ च्या वर असलं तर तो फुटतो, आणि पारा सांडला की तो गोळा करत बसावं लागतं.

पहाटेची चाचणी

सगळ्या चाचण्यांत ही महत्त्वाची. एकच करायची असेल तर हीच करा.

गाडी रात्री उघड्यावर, पण झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडखाली लावा. बंद गॅरेज नको, तिथली हवा कोंडलेली असते. निदान सात-आठ तास गाडी हलवू नका. थर्मामीटरचा प्रोब पुढच्या बंपरसमोर, जमिनीपासून सेन्सरच्याच उंचीवर, कशालाही न टेकता लोंबेल असा टांगा. सूर्य उगवायच्या आत, साडेपाचच्या सुमारास बाहेर या. इंजिन चालू न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि दोन्ही आकडे बघा.

ही वेळ का? कारण त्या वेळी ऊन नाही, इंजिन थंड, डांबर रात्रभरात निवलेलं, वारा मंद. दुपारी सेन्सरला फसवणारी एकही गोष्ट तेव्हा हजर नसते. दोन आकड्यांत एक-दोन अंशांचा फरक असेल तर सेन्सर चांगला आहे, विषय संपला. मग दुपारी तो कितीही दाखवू दे, ती चूक जागेची आणि हवेची. पण पहाटेच तीन-चार अंशांचं अंतर असेल, तर सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगकडं बघायला हवं.

याला एक जोड आहे. स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायचं, सॉकेट असतं. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर त्यात खोचून मोबाइलवर तीन आकडे बघा: बाहेरची हवा, इंजिनमध्ये शिरणारी हवा आणि कूलंटचं पाणी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे तिन्ही जवळपास सारखे हवेत. तीन भावांतले दोघं २६ सांगतायत आणि एकटा ३२ सांगतोय, तर गुन्हेगार कोण ते लगेच कळतं. काही गाड्या बाहेरच्या हवेचा आकडा ओबीडीवर देत नाहीत. तसं असेल तर उरलेल्या दोन आकड्यांशी डॅशबोर्डचा आकडा ताडा. स्कॅनरचा आणखी एक फायदा म्हणजे काही गाड्यांत तिथं चाळणी न लागलेला कच्चा आकडा दिसतो. सिग्नलला उभं राहिल्यावर डॅशबोर्ड ४१ वर गप्प आणि स्कॅनरवर ४४, ४७, ५० असा चढत जाणारा आकडा एकदा बघितला, की मघाचं चाळणीचं प्रकरण कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

रस्त्यावरची चाचणी

पहाटेच्या चाचणीत पास झालेल्या गाडीचीच ही चाचणी घ्या. सोबत एक माणूस हवा. चालवणाऱ्यानं हे उद्योग करायचे नाहीत.

टपरीवरचा कागदी कप घ्या, तळ कापून टाका, म्हणजे दोन्हीकडून उघडी नळी झाली. प्रोब तिच्या मधोमध येईल असा दोऱ्यानं बांधा आणि ती नळी डाव्या आरशाच्या खालच्या बाजूला, वारा आरपार जाईल अशी टेपनं घट्ट चिकटवा. वायर खिडकीच्या रबरातून आत घ्या आणि काच वर करा. कप पांढरा असावा. तो प्रोबला सावली देतो, म्हणजे स्टीव्हन्सन पेटीची गरिबाघरची आवृत्ती.

आता पुणे नाक्यावरून मोहोळच्या दिशेनं निघा. रस्ता सरळ, रुंद, सिग्नल नाहीत. सत्तर-ऐंशीच्या स्थिर वेगानं पंधरा मिनिटं गेल्यावर शेजाऱ्यानं दर दोन मिनिटांनी दोन्ही आकडे वहीत लिहायचे. ट्रकच्या मागं चिकटून राहू नका, त्याचा धूर थेट तुमच्या सेन्सरवर येतो. सावळेश्वरच्या टोल नाक्यावर थोडी रांग असली तर उलट बरं, थांबल्यावर दोन्ही आकडे कसे वागतात तेही टिपून घ्या.

परतीचा प्रवासही मोजा. संध्याकाळी पाचला पुण्याच्या दिशेनं जाताना उतरतं ऊन समोरून थेट जाळीवर पडतं, परत येताना ते पाठीवर असतं. जाताना गाडी एक-दीड अंश जास्त आणि येताना ताळ्यावर, असं निघालं तर दोष उन्हाच्या दिशेचा. आरशात सेन्सर असलेल्या गाड्यांत हा उन्हाचा खेळ आणखी ठळक दिसतो, विशेषतः आरसा काळा असेल तर. त्या गाड्यांसाठी कप दुसऱ्या बाजूच्या आरशाला बांधा.

दुपारी हायवेवर दोन अंशांपर्यंतचं अंतर मी सोडून देतो. बंपर आणि आरसा यांच्या उंचीतच तेवढा फरक असतो. तीनच्या वर सातत्यानं अंतर असेल आणि पहाटेची चाचणी मात्र चोख आली असेल, तर परत पहिल्या पायरीवर जा. जाळी, नंबर प्लेट, लोंबकळणारा सेन्सर.

काही फरक खरेच असतात, ते चुकीत धरू नका. उजनीच्या पाण्याजवळून, भिगवणच्या बाजूनं जाताना आकडा उतरतो. तुळजापूरला घाट चढताना उतरतो, कारण उंची शंभर मीटर वाढली की दुपारच्या हवेत पाऊण ते एक अंश कमी होतो. आणि गाव सोडून ज्वारीच्या रानात शिरलात की रात्रीचा आकडा गावापेक्षा चटकन खाली येतो. गाडीचा थर्मामीटर अशा ठिकाणी खरा कामाचा. नुसता आकडा सोडा, तो कुठं चढला आणि कुठं उतरला हे बघण्यात जास्त गंमत आहे.

धुतलेल्या गाडीचं वेगळंच. सर्व्हिसिंगहून निघालेल्या गाडीनं भर एप्रिलात ३४ दाखवलं तर सेन्सर ओला आहे. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी, पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना ऊब घेऊन जातं. कूलर चालतो तो याच तत्त्वावर. ४० अंश तापमान आणि वीस टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर तेविसाच्या आसपास उतरतो. सेन्सरवर दोन थेंब असले तरी काही अंश पडतात. वाळू द्या. वाळलेला चिखल मात्र ओल्या फडक्यानं पुसून काढा, प्रेशरचा पाइप अगदी जवळून मारू नका.

उणे चाळीस

आता ती पैसे घालवल्याची गोष्ट. मे महिना, दुपारचे तीन, सात रस्त्याचा सिग्नल. एसीतून गरम वारा यायला लागला. घाम पुसत डॅशबोर्डकडं बघितलं तर बाहेरचं तापमान उणे ४०, आणि शेजारी रस्त्यावर बर्फ असल्याची खूण. शेजारी बसलेला मित्र म्हणाला, “काय बे, काश्मीरला आलो का आपण?” फोटो काढला, ग्रुपवर टाकला, त्या दिवशीची स्पर्धा उलट्या बाजूनं जिंकली. आकडा बिघडला असेल, एसीचा त्याच्याशी काय संबंध, असं म्हणून मी एका गॅरेजला गेलो. गॅस कमी झालाय म्हणाले. भरला. पैसे दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तोच गरम वारा.

दुसऱ्या मिस्त्रीनं बॉनेट उघडायच्या आधी डिस्प्ले बघितला आणि विचारलं, “साहेब, हा आकडा कवापासून असाय?” मग खाली वाकून बंपरमागून उंदरानं कुरतडलेली वायर ओढून दाखवली.

कारण असं. बाहेर कडाक्याची थंडी असताना एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, चालवला तर त्याला इजा होते, म्हणून बऱ्याच गाड्यांत बाहेरचं तापमान शून्याच्या आसपास आलं की कॉम्प्रेसर सुरूच होऊ देत नाहीत. वायर तुटली की रोध अनंत, आणि थर्मिस्टरच्या हिशोबात जास्त रोध म्हणजे जास्त थंडी. कॉम्प्युटरला वाटतं बाहेर बर्फ पडतोय, तो बिचारा कॉम्प्रेसर बंद ठेवतो. उणे ४० च का, तर ओबीडीच्या पद्धतीत तापमान ० ते २५५ अशा एका आकड्यात पाठवतात आणि त्यातून ४० वजा करतात. शून्य आलं की उणे ४०. (फॅरनहाइटमध्येही उणे ४० म्हणजे उणे ४० च, दोन्ही पट्ट्या तिथं जुळतात, त्यामुळं सेटिंग बदलूनही सुटका नाही.) काही गाड्या अशा वेळी नुसत्या आडव्या रेघा दाखवतात. वायरी एकमेकींना चिकटून शॉर्ट झाल्या तर उलटं होतं, आकडा ८० च्या पुढं पळतो.

तेव्हा उन्हाळ्यात एसी थंड करेनासा झाला तर गॅस भरायला जायच्या आधी बाहेरच्या तापमानाकडं एकदा बघा. गॅसपेक्षा सेन्सर कितीतरी स्वस्त.

मल्टीमीटर लावून

बिघाड आहे असं ठरलं तर सेन्सर बदलायच्या आधी तोच बिघडलाय की वायर, हे बघा. इग्निशन बंद करा, सेन्सरचं सॉकेट सोडवा, क्लिप दाबूनच. उन्हानं कडक झालेलं प्लॅस्टिक ओढलं की तुटतं. पिनांवर हिरवट बुरशी असेल तर ती खरवडून साफ करा, निम्म्या वेळा तेवढ्यानंच भागतं. मल्टीमीटर ओमवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांत रोध मोजा. मग सेन्सरचं टोक बर्फाच्या पाण्यात धरा, रोध वाढत गेला पाहिजे. नंतर कोमट पाण्यात धरा, तो घटत गेला पाहिजे. चढउतार सलग हवा. मध्येच उडी मारली किंवा आकडा हललाच नाही, तर सेन्सर गेला. वर दिलेले दहा हजार ओमचे आकडे एका प्रकारचे आहेत. तुमच्या गाडीत वेगळे असू शकतात, नेमके आकडे वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतात.

सेन्सर चांगला निघाला तर बिघाड वायरीत. सॉकेटपासून मागं वायर बोटांनी चाचपत जा. उंदीर इन्सुलेशन सोलतात ते बहुधा जिथं वायर एखाद्या उबदार कोपऱ्यातून जाते तिथं. गाडी शेताजवळ किंवा धान्याच्या गोदामाजवळ उभी राहत असेल तर तिथूनच सुरुवात करा. जोड देताना नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका. सोल्डरचा डाग देऊन वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवा, नाहीतर पहिल्या पावसात परत उणे ४०.

नवा सेन्सर घेताना गाडीच्या मॉडेलचा पार्ट नंबर जुळवून घ्या. दिसायला सारखा पण वेगळ्या रोधाचा सेन्सर बसला तर आकडा येतो, पण चुकीचा, आणि मग पहाटे उठायचं नव्यानं नशिबी येतं. बसवल्यावर लगेच आकडा सुधारला नाही तर घाई करू नका, ती मघाचीच चाळणी आहे. गाडी हैदराबाद रोडला पंधरा-वीस मिनिटं एकसारखी पळवून या. परत आलात तरी उणे ४० च असेल, तर बिघाडाचा कोड साठलाय. स्कॅनरनं तो पुसा, आणि एसी लावून कॉम्प्रेसरचा ‘टक’ असा आवाज येतोय का ते ऐका.